आयईएलटीएस रायटिंग टास्क वन : बँड सहावरच अडकत असेल तर बिघाड इथे शोधा

आयईएलटीएस ही परदेशी विद्यापीठांना हवी असलेली इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिच्यातली गुणांची पातळी. ती देणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच स्वरूपात येते. लिसनिंगला साडेसात, रीडिंगला सात, स्पीकिंगला साडेसहा आणि रायटिंगला सहा. विद्यापीठाला हवेत साडेसहा. पुन्हा फी भरायची, पुन्हा परीक्षा द्यायची, पुन्हा सहा. मग कुणीतरी सल्ला देतं की शब्दसंग्रह वाढव. बिचारा विद्यार्थी चढ-उताराची इंग्रजी क्रियापदं घोकतो, ‘प्लमेट’ (कोसळणं) आणि ‘स्कायरॉकेट’ (झपाट्याने वर जाणं) जिथे तिथे पेरतो आणि पुढच्या निकालातही सहाच पाहतो. रोग एक आणि औषध भलतंच.

हे लिखाण ॲकॅडमिक आयईएलटीएस देणाऱ्यांसाठी आहे. जनरल ट्रेनिंग या परीक्षेच्या दुसऱ्या प्रकारात टास्क वन म्हणजे पत्रलेखन. तिथली दुखणी वेगळी. ॲकॅडमिकमध्ये टास्क वनला आलेख, स्तंभालेख, पाय चार्ट, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती येते आणि तिचं वर्णन किमान १५० शब्दांत करायचं असतं. त्यासाठी सुचवलेला वेळ २० मिनिटं. टास्क टू म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध, त्याला ४० मिनिटं.

आधी हे तपासा : दुखणं टास्क वनचंच आहे ना?

निकालपत्रावर रायटिंगचा एकच बँड छापलेला असतो. कुठल्या टास्कला किती पडले हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे लोक अंदाजाने निबंधाला दोष देतात. गणित मात्र साधं आहे. टास्क टूचं वजन टास्क वनच्या दुप्पट. समजा निबंध साडेसहाचा आहे. टास्क वनही साडेसहाचा झाला तर काही प्रश्नच नाही. पण टास्क वनला पाच पडले, तर पाच अधिक साडेसहाची दुप्पट म्हणजे अठरा, भागिले तीन, हाती आले सहा. निबंध चांगला लिहूनही सहावर अडकण्याचा हा एक अगदी सरळ रस्ता आहे.

आणि टास्क वनला पाच पडणं अजिबात अवघड नाही, इंग्रजी बऱ्यापैकी येत असलं तरी. परीक्षकांचे निकष गुप्त नसतात, बँड डिस्क्रिप्टर्स या नावाने ते सगळ्यांसाठी खुले आहेत. निकष चार आणि चौघांचं वजन सारखं : दिलेलं काम केलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्द कसे आहेत, व्याकरण कसं आहे. यातल्या पहिल्या निकषात बँड पाचच्या वर्णनात तपशील यांत्रिकपणे सांगत जाण्याचा उल्लेख आहे. बँड सहाला एकंदर चित्र सांगायचा प्रयत्न तरी दिसावा लागतो. सातला ते चित्र स्पष्ट हवं आणि माहितीची नीट गटवारी हवी. तुमचं व्याकरण सातच्या तोडीचं असेल, पण एकंदर चित्र सांगणारं वाक्यच नसेल, तर पहिल्या निकषात गाडी पाचच्या आसपासच राहते. घोडं पेंड खातं ते इथेच.

तेव्हा सरावाचं एखादं जुनं उत्तर काढा. त्यात असं एखादं वाक्य आहे का, की जे एकही आकडा न देता संपूर्ण आलेखात काय घडलं ते सांगतं? असेल तर ते मोठ्याने वाचा. ‘ओव्हरऑल, देअर वेअर मेनी चेंजेस इन द ग्राफ’ असं काही निघालं, तर ते वाक्य नसल्यातच जमा. एकंदर चित्र सांगणाऱ्या या भागाला ओव्हरव्ह्यू म्हणतात, आणि कुठल्याही आलेखाखाली चिकटवता येईल असं वाक्य म्हणजे ओव्हरव्ह्यू नव्हे.

एक आलेख जवळून पाहू

सरावाच्या पुस्तकातल्या काल्पनिक आकड्यांपेक्षा आपले खरे आकडे घेऊ. भारताच्या जनगणनेतला साक्षरतेचा दर, टक्क्यांत, जवळच्या पूर्णांकात :

| वर्ष | पुरुष | स्त्रिया |
|---|---|---|
| १९५१ | २७ | ९ |
| १९६१ | ४० | १५ |
| १९७१ | ४६ | २२ |
| १९८१ | ५६ | ३० |
| १९९१ | ६४ | ३९ |
| २००१ | ७५ | ५४ |
| २०११ | ८१ | ६५ |

दोन रेषांचा लाइन ग्राफ डोळ्यांसमोर आणा. परीक्षेत अगदी याच जातीचा आलेख येतो.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या उत्तरांत अशा आलेखाचं वर्णन बहुधा असं असतं : १९५१ मध्ये पुरुष २७ टक्के होते, १९६१ मध्ये ४० झाले, मग ४६, मग ५६, मग ६४, मग ७५ आणि शेवटी ८१. पुढचा परिच्छेद : स्त्रिया ९ होत्या, मग १५, मग २२... आकाशवाणीवर बाजारभाव वाचावेत तसं. एकही आकडा चुकलेला नाही, स्पेलिंगही ठीक, शब्दही १६० भरले. तरी याला सातचा बँड मिळत नाही, कारण वाचणाऱ्याला जे स्वतः तक्त्यात दिसलं असतं त्यापलीकडे लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेलं नाही.

आता लिहायला न घेता आलेखाकडे दोन मिनिटं नुसतं पाहा. काय दिसतं? दोन्ही रेषा सतत चढतात, एकदाही खाली येत नाहीत. पुरुषांची रेषा शेवटपर्यंत वर राहते. हे कुणालाही दिसेल. पण तिसरी गोष्ट पाहायला थोडं थांबावं लागतं : दोन रेषांमधलं अंतर. १९५१ मध्ये ते १८ होतं. १९६१ मध्ये २५ झालं. पुढची तीस वर्षं ते २४ ते २६ च्या घरातच घुटमळलं, १९८१ मध्ये सर्वांत जास्त. मग २००१ मध्ये २१ आणि २०११ मध्ये १६. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पहिली काही दशकं दोघांचीही साक्षरता वाढत होती, तरी दरी आधी रुंदावली आणि फार उशिरा आक्रसायला लागली. घाईत लिहिणारे हमखास लिहितात की दरी सातत्याने कमी होत गेली. ते चूक आहे, आणि परीक्षकाच्या समोर आलेख असतो.

आणखी थोडं पाहिलं तर पुरुषांची सर्वांत मोठी उडी पहिल्याच दशकात आहे, २७ वरून ४०. स्त्रियांची सर्वांत मोठी उडी १९९१ ते २००१ या दशकात, ३९ वरून ५४. आणि पन्नास टक्क्यांची रेघ पुरुषांनी १९८१ च्या जनगणनेत ओलांडलेली दिसते, स्त्रियांनी २००१ च्या. मध्ये वीस वर्षं.

एवढं दिसलं की ओव्हरव्ह्यू आपोआप सुचतो : ‘ओव्हरऑल, लिटरसी रेट्स रोज कंटिन्युअसली फॉर बोथ सेक्सेस, ऑलदो मेन रिमेन्ड अहेड थ्रूआउट. द गॅप वॉज वायडेस्ट इन १९८१ अँड नॅरोड देअरआफ्टर.’ दोन वाक्यं. वर्ष सोडलं तर एकही आकडा नाही. ‘प्लमेट’ नाही, ‘स्कायरॉकेट’ नाही. अगदी बारावीच्या इंग्रजीतलं वाक्य आहे, आणि तरीही पहिल्या निकषात हेच काम करतं.

हा परिच्छेद कुठे टाकायचा यावर क्लासवाल्यांत वाद चालतो. प्रस्तावनेच्या लगेच खाली किंवा अगदी शेवटी, दोन्ही चालतं. मी विद्यार्थ्यांना वर टाकायला सांगतो, याचं कारण व्यवहारी आहे : वेळ संपला तर शेवटचा परिच्छेद राहून जातो. टास्क वनला निष्कर्ष लागत नाही. ‘इन कन्क्लूजन’ म्हणून तेच पुन्हा लिहिणारे स्वतःची तीन मिनिटं फुकट घालवतात.

गटवारी : परिच्छेद कुठे तोडायचा

इथे बहुतेक जण विचारच करत नाहीत. दोन रेषा आहेत म्हणून दोन परिच्छेद, एक पुरुषांचा आणि एक स्त्रियांचा. सोपं वाटतं, पण त्यात तुलना मरते. प्रश्नाखालच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं असतं की मुख्य वैशिष्ट्यं निवडून सांगा आणि जिथे योग्य तिथे तुलना करा. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंत तर तुलना करणार कोण?

आपल्या आलेखात काळाने तोडणं जास्त शहाणपणाचं. पहिला परिच्छेद १९५१ ते १९८१, दरी रुंदावली तो काळ. दुसरा १९८१ ते २०११, दरी आक्रसली तो काळ. म्हणजे ओव्हरव्ह्यूत जे सांगितलं त्याचाच पुरावा खाली येतो. पहिला परिच्छेद असा काहीसा :

‘इन १९५१, २७% ऑफ मेन वेअर लिटरेट, थ्री टाइम्स द फिगर फॉर विमेन. बाय १९८१ द मेल रेट हॅड मोर दॅन डबल्ड टू ५६%, व्हेअरॅज ओन्ली ३०% ऑफ विमेन कुड रीड अँड राइट, लीव्हिंग अ डिफरन्स ऑफ २६ परसेंटेज पॉइंट्स.’

इथे १९६१ आणि १९७१ चे चारही आकडे गाळले आहेत. ते गाळायला हात धजत नाही हे मला माहीत आहे. आपल्या शाळेने ‘सगळं लिहा, गुण कापले जातील’ हे इतकं अंगवळणी पाडलं आहे की समोरचा आकडा सोडणं म्हणजे पाप वाटतं. पण या परीक्षेत निवड करण्याचेच गुण आहेत. चौदा आकड्यांपैकी सात-आठ पुरेत. कुठले? सुरुवातीचे, शेवटचे, सर्वांत मोठे, सर्वांत छोटे आणि जिथे रेषा वळते तिथले.

दुसऱ्या परिच्छेदात स्त्रियांची १९९१ ते २००१ ची उडी, पन्नास टक्क्यांची रेघ आणि २०११ चे ६५ व ८१. झालं. प्रस्तावना धरून एकूण १७० ते १९० शब्द होतात. २५० लिहायची काहीही गरज नाही. टास्क टूचा वेळ खाऊन टास्क वन लांबवणं म्हणजे दुप्पट वजनाच्या खिशातून काढून निम्म्या वजनाच्या खिशात टाकणं.

कारणं सांगायची नाहीत, कितीही माहीत असली तरी

हा खास आपल्याकडचा मोह. साक्षरतेचा आलेख पाहिला की मराठी विद्यार्थ्याला १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा आठवते, सावित्रीबाई आठवतात, सर्व शिक्षा अभियान आठवतं. लगेच वाक्य येतं की सरकारी योजनांमुळे २००१ नंतर स्त्रियांची साक्षरता वाढली. वाक्य व्याकरणात बसतं, भावनाही चांगली आहे. पण आलेखात कारणं दिलेली नाहीत, म्हणून ती उत्तरात येता कामा नयेत. तुमचं मतही नको. स्त्रीशिक्षण महत्त्वाचं आहे हे टास्क टूला लिहा, तिथे त्याला मान आहे.

जनगणनेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला माहीत आहे : १९७१ पर्यंतचे दर पाच वर्षांवरील लोकसंख्येचे आहेत आणि १९८१ पासूनचे सात वर्षांवरील. संशोधकाला ही तळटीप मोलाची. परीक्षेत मात्र ती प्रश्नावर छापलेली नसेल तर उत्तरातही नको. आलेखाबाहेरचं ज्ञान, खरं असलं तरी, इथे निरुपयोगी.

आकड्यांची भाषा : नेमके कुठले शब्द घात करतात

व्याकरणाच्या चुका शेकड्याने असतात, त्या सगळ्या इथे घेत नाही. पण आलेखाच्या उत्तरात काही चुका अर्थच बदलून टाकतात, आणि अर्थ बदलला की तो व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. माहितीच चुकीची ठरते.

सर्वांत महाग पडणारी चूक ‘टू’ आणि ‘बाय’ची. ‘रोज टू ६५%’ म्हणजे ६५ पर्यंत पोचला. ‘रोज बाय ६५%’ म्हणजे ६५ टक्क्यांनी वाढला. स्त्रियांचा दर ९ वरून ६५ वर गेला, म्हणजे तो ‘बाय ५६ परसेंटेज पॉइंट्स’ वाढला. इथे नुसतं ‘बाय ५६%’ लिहिलंत तर अर्थ होतो की ९ चे ५६ टक्के वाढले, म्हणजे दर साधारण १४ झाला. खरं तर तो सातपट झाला. परसेंटेज पॉइंट्स हे दोन शब्द पाठ करा, चाळीस क्रियापदांपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

दुसरी चूक कर्त्याची. ‘विमेन रोज टू ६५%’ असं सर्रास लिहिलं जातं. वाढल्या त्या स्त्रिया नव्हेत, वाढला तो दर. ‘द फिगर फॉर विमेन रोज’ किंवा ‘द फीमेल लिटरसी रेट रोज’ असं हवं. याच जातीची चूक म्हणजे टक्क्यांच्या आलेखावर ‘द नंबर ऑफ’ लिहिणं. टक्का आणि संख्या एकाच दिशेने जातात असं अजिबात नाही. भारतात दशकानुदशकं साक्षरतेचा टक्का वाढत होता आणि त्याच वेळी निरक्षरांची एकूण संख्याही वाढत होती, कारण लोकसंख्या वाढत होती. ती संख्या स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा घटली ती १९९१ ते २००१ या दशकात. तेव्हा उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा : टक्के, हजार, दशलक्ष, टन की डॉलर. उत्तरात तेच एकक ठेवा. अक्षावर मिलियन असेल तर मिलियनच. ‘फाइव्ह क्रोअर’ लिहिलं तर लंडनमधल्या वाचकाला ते कळेलच असं नाही, आणि रूपांतर करताना एक शून्य इकडचं तिकडे झालं की संपलं.

‘वॉज इन्क्रीज्ड’, ‘गॉट इन्क्रीज्ड’ ही रूपं टाळा. इंग्रजीत आकडा स्वतःच वाढतो : ‘इन्क्रीज्ड’, बास. ‘डबल दॅन मेन’ चालत नाही, ‘ट्वाइस ॲज हाय ॲज’ हवं. ‘अमाउंट ऑफ पीपल’ नको, माणसं मोजता येतात, तिथे ‘नंबर’. ‘रिस्पेक्टिव्हली’ वापरायचंच असेल तर दोन नावं आणि दोन आकडे त्याच क्रमाने असले पाहिजेत. एका आकड्यामागे ‘रिस्पेक्टिव्हली’ लावलेलं मी पाहिलं आहे, बहुधा शोभेसाठी.

काळाचं म्हणाल तर आलेखावरची वर्षं पाहा. १९५१ ते २०११ म्हणजे साधा भूतकाळ, सगळीकडे. वर्षच दिलेलं नसेल तर वर्तमानकाळ. २०५० पर्यंतचे अंदाज असतील तर ‘इज प्रोजेक्टेड टू’ किंवा ‘इज एक्स्पेक्टेड टू’. ‘विल बी’ लिहिणं धाडसाचं, कारण ते घडलेलं नाही.

आणि आता ती क्रियापदं. ‘प्लमेट’ वापरू नका असं मी म्हणत नाही. रेषा खरंच कोसळली असेल तर वापरा. पण ४६ वरून ४४ वर आलेल्या रेषेला ‘प्लमेटेड’ म्हटलं तर परीक्षकाला एवढंच कळतं की शब्द पाठ आहे, अर्थ नाही. आपल्या आलेखाला ‘रोज’, ‘क्लाइम्ड’, ‘ग्रू’, ‘अ शार्प इन्क्रीज’ एवढं पुरतं.

वर्ष एकच असेल तर?

एक वेगळा बिघाड, पण इतका नेहमीचा की स्वतंत्र सांगायला हवा. स्तंभालेखात एकाच वर्षातली पाच देशांची तुलना असते. विद्यार्थी सवयीने लिहितो : ‘द फिगर इन्क्रीज्ड फ्रॉम इंडिया टू जपान.’ भारतातून जपानला जाताना काही वाढलं नाही. तिथे काळ नाही, त्यामुळे चढ-उताराची भाषाच नको. ‘हायर दॅन’, ‘द हायेस्ट’, ‘फॉलोड बाय’, ‘सिमिलर टू’ ही तुलनेची भाषा हवी. पेपर हातात आला की पहिला प्रश्न स्वतःला विचारा : यात काळ पुढे सरकतो की नाही? याच्या उत्तरावर तुमची अर्धी वाक्यं ठरतात.

दोन पाय चार्ट आले, समजा २००० आणि २०२०, तर पहिला पाय चार्ट संपवून मग दुसरा सुरू करू नका. एकेक वर्ग घ्या आणि तो दोन्ही वर्षांत कुठे होता ते सांगा. वाढलेले वर्ग एका परिच्छेदात, घटलेले आणि जवळपास तसेच राहिलेले दुसऱ्यात. एक तक्ता आणि एक आलेख असे दोन वेगळे प्रकार एकत्र आले तर ओव्हरव्ह्यूत दोघांचं एकेक मुख्य वैशिष्ट्य आलंच पाहिजे. बरेच जण पहिल्या आकृतीवर पाऊण उत्तर खर्च करतात आणि दुसरी उरकतात.

नकाशा आणि प्रक्रिया यांचा बाऊ केला जातो, विनाकारण. प्रक्रियेत ओव्हरव्ह्यू म्हणजे एकूण टप्पे किती आणि सुरुवात कशाने, शेवट कशाने. माणसाने चालवलेली प्रक्रिया असेल, म्हणजे विटा भाजणं किंवा कागद बनवणं, तर क्रिया बहुतेक कर्मणी प्रयोगात : ‘द क्ले इज डग’, ‘द ब्रिक्स आर फायर्ड’. निसर्गचक्र असेल, समजा पाऊस, तर कर्तरी चालतो, कारण पाणी आपोआप वर जातं. नकाशात काय गेलं, काय नवीन आलं, काय तसंच राहिलं, आणि दिशा. एवढंच.

पाठ केलेली प्रस्तावना

‘फ्रॉम द गिव्हन ग्राफ इट इज क्रिस्टल क्लिअर दॅट...’ हे वाक्य कुठल्या क्लासात जन्मलं माहीत नाही, पण ते अजून जिवंत आहे. पाठ वाक्यं परीक्षकाला लांबून ओळखू येतात. दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं. तसे उचललेले शब्द तुमचे धरले जात नाहीत, आणि काठावर १५० शब्द भरणाऱ्याला ते नडतं.

प्रस्तावनेला एक वाक्य आणि दीड मिनिट. ‘शोज’च्या जागी ‘कम्पेअर्स’ किंवा ‘इलस्ट्रेट्स’, ‘द पर्सेंटेज ऑफ मेन अँड विमेन हू कुड रीड’च्या जागी ‘मेल अँड फीमेल लिटरसी रेट्स’, ‘फ्रॉम १९५१ टू २०११’च्या जागी ‘ओव्हर अ सिक्स्टी-इयर पीरियड’. मात्र देशाचं नाव, वर्षं, वर्गांची नावं यांना ओढूनताणून समानार्थी शब्द शोधू नका. ‘विमेन’ला ‘लेडीज’ आणि मग ‘फेमिनाइन फोक’ केलेलं उत्तर वाचून हसावं की रडावं कळत नाही.

प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘ॲडिशनली’ लावायची सवयही इथेच मोडा. दोन वाक्यांत नातं असेल तर ते ‘व्हाइल’, ‘व्हेअरॅज’, ‘कम्पेअर्ड विथ’ यांनी एकाच वाक्यात बांधा. व्याकरणाच्या निकषातही त्याचा फायदा होतो.

वीस मिनिटं कशी जातात

बहुतेकांची पहिली तीन मिनिटं प्रस्तावनेत जातात आणि आलेख ते लिहिता लिहिताच पाहतात. ते उलटं करा. तीन-चार मिनिटं पेन किंवा कीबोर्डला हात न लावता आलेख पाहा. एकक, काळ, मुख्य दोन-तीन गोष्टी आणि गट ठरवा. बारा-तेरा मिनिटं लेखन. उरलेली तीन मिनिटं आकडे ताडून पाहायला, मग ‘टू’ आणि ‘बाय’, मग क्रियापदांचे काळ. संगणकावर परीक्षा असेल तर शब्दसंख्या पडद्यावर दिसत राहते, मोजत बसू नका. कागदावर असेल तर स्वतःच्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द मावतात ते घरीच मोजून ठेवा.

आधी टास्क टू लिहावा का, हा नेहमीचा प्रश्न. परवानगी आहे, क्रमाची सक्ती नाही. माझं मत : टास्क वनला वेळ पाळता येत नसेल तर आधी निबंध लिहा, नाहीतर छापील क्रमानेच जा. क्रम बदलल्याने ओव्हरव्ह्यू सुचत नाही.

पीटीई या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. तिथे चित्रवर्णन बोलून करायचं असतं : पाहायला २५ सेकंद, बोलायला ४०. तेवढ्यात सगळे आकडे वाचणं शक्यच नसतं, तरी मुलं प्रयत्न करतात आणि मध्येच वेळ संपतो. पहिल्याच वाक्यात एकंदर चित्र, मग सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा, इतकं जमलं तरी काम होतं.

दुरुस्ती झाली का, ते कसं कळणार?

मॉक टेस्टचा बँड वाट पाहायला लावतो. त्यापेक्षा एक तपासणी घरच्या घरी करा. तुमचं उत्तर घरातल्या किंवा खोलीतल्या कुणाला तरी द्या, ज्याने तो आलेख पाहिलेला नाही. त्याच्या हाती कोरा कागद द्या आणि म्हणा, हे वाचून आलेख काढ. त्याचं इंग्रजी तुमच्यापेक्षा कच्चं असलं तरी चालेल, उलट बरंच.

त्याच्या रेषा योग्य दिशेने गेल्या, सुरुवात-शेवट जुळले आणि दरी कुठे रुंद, कुठे अरुंद हे ढोबळपणे उमटलं, तर उत्तर काम करतंय. सगळे ठिपके बरोबर पडले, पण ‘यातली मुख्य गोष्ट काय?’ असं विचारल्यावर तो गप्प बसला, तर ओव्हरव्ह्यू पुन्हा लिहा. आणि त्याने १९५१ ते २०११ या काळात स्त्रियांची रेषा ९ वरून १४ वर नेऊन थांबवली, तर ‘बाय’ कुठे पडलंय ते आधी शोधा.